सोडण्याच्या सहा तऱ्हा

माणूस किती सुसंस्कृत आहे हे त्याने आयुष्यात काय मिळवले यावरून ठरत नाही. तो काय सोडू शकतो यावरून ठरते. मोठी माणसे, मोठे समाज, मोठी राष्ट्रे ही सगळी सोडण्याच्या कलेतूनच मोठी झाली. हा विचार मला आमच्या पोटमाळ्यावर सुचला. मी तिथे रांगत होतो. माझ्या डाव्या हाताला तीन बंद पडलेले मिक्सर होते, उजव्या हाताला श्रीखंडाचे रिकामे डबे, आणि समोर एक पाळणा, ज्यातले बाळ सध्या बंगळुरात सदतीस वर्षांचे आहे.

खालून क्षमाने विचारले, "सापडलं का टाकण्यासारखं काही?"

"नाही," मी म्हणालो.

"मग उतरा. चहा झालाय."

तिने शिडी धरली आणि मी उतरलो. आमच्या घरापुरता सुसंस्कृतपणाचा विषय तिथे संपला. पण शेजारच्या घरात तो वर्षभर चालू होता, आणि तिथे तो पाळण्याइतका सोपा नव्हता.

शेजारच्या दारावर 'धों. बा. घाडी' अशी पाटी आहे. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला जवळजवळ टेकलेल्या आमच्या सोसायटीत आम्ही दोघे एकाच वर्षी राहायला आलो. धोंडू घाडी मूळचे कणकवलीकडचे. आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वांद्र्याच्या एका ऑफिसात बावीस वर्षे लिफ्टमन. त्यांच्या गावात घाडी घराण्याकडे एक काम असते. कुणी लग्नाला, नोकरीला, ऑपरेशनला निघाले की घाड्याने देवापुढे उभे राहून गाऱ्हाणे घालायचे. म्हणजे देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगायची, काय हवे ते मागायचे, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मुंबईत हे काम धोंडूंनी सोडले नाही. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हा त्यांनी लिफ्टच्या दारात गाऱ्हाणे घातले होते, आणि आमचे सेक्रेटरी जयंतीभाईसुद्धा हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणाले होते. धोंडू एरवी थापा मारतात. पत्त्यांत तर सर्रास. पण गाऱ्हाण्यात बोललेला शब्द त्यांनी फिरवला, असे मी तीस वर्षांत पाहिलेले नाही.

घरात माणसे तीन. धोंडू, सून प्रेमा आणि नात अपूर्वा. मुलगा नितेश, म्हणजे अपूर्वाचा बाप, ती नववीत असताना काविळीने गेला. प्रेमाने पोळीभाजी केंद्र चालवून मुलीला नर्सिंग शिकवले. आणि मुलीने नर्सिंग झाल्यावर सांगितले की मला जपानला जायचे आहे, तिथे वृद्धाश्रमांत माणसे हवी आहेत, त्यासाठी जपानी यावे लागते आणि मी क्लास लावला आहे.

"जपानाक म्हातारे जास्त झाले म्हणान आमचो म्हातारो टाकून जातलंस?" धोंडूंनी विचारले.

"आजोबा, तुमचा नंबर लागेपर्यंत मी परत येते ना," अपूर्वा म्हणाली.

ती अभ्यास करायची तो कार्डांवर. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे पुठ्ठे. पुढे जपानी अक्षर, मागे देवनागरीत उच्चार आणि मराठीत अर्थ. दुपारी प्रेमा केंद्रावर गेली की ही धोंडूंना समोर बसवायची. त्यांनी कार्ड धरायचे, तिने पुढचे वाचून अर्थ सांगायचा, त्यांनी मागे बघून "बरोबर" किंवा "वाट लागली" म्हणायचे. चौदा महिने हे चालले. परिणाम असा झाला की अपूर्वाला जपानी येऊ लागले आणि धोंडूंनाही येऊ लागले, पण धोंडूंनी ते कुणाला सांगितले नाही. फक्त एकदा आमच्याकडे चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवून क्षमाला एक लांबलचक शब्द ऐकवला. तो "मेजवानी झाली" अशा अर्थाचा होता, असे आम्हाला नंतर कळले. त्या वेळी क्षमाने त्यांना पाणी आणून दिले.

जुलैच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी एका दुपारी धोंडूंनी बेल वाजवली. हातात रबरबँड लावलेली सहा कार्डे होती.

"शामराव, ही तुमच्या माळ्यार टाका."

"का?"

"तुमच्या माळ्यारसून काय्येक परत गावत नाय म्हणान."

मी कार्डे घेतली. बाहेर बाकावर बसून आम्ही दोघांनी ती बघितली, कारण काय लपवतोय हे मला माहीत असावे असा माझा आग्रह होता. सहाही कार्डांवर सोडण्याचेच शब्द होते. जपानी माणूस नुसते सोडत नाही. आधी काय करून सोडले ते सांगतो, मग सोडतो. एकात बघून सोडणे होते, एकात कापून सोडणे. अपूर्वाने मागे बारीक अक्षरात लिहिले होते.

मी वाचू लागलो. "मिहानासु. बघून सोडणे. म्हणजे ह्याच्यात आता काही राम नाही असं ठरवून माणसाला टाकून देणे."

"ता आमच्या गिरणीच्या शेटान केल्यान," धोंडू म्हणाले.

"त्सुकिहानासु. ढकलून सोडणे. जवळ येणाऱ्याला लांब लोटणे."

"ता माझ्या भावान. जमिनीच्या टायमाक."

"किरिहानासु. कापून वेगळे करणे. डबा गाडीपासून तोडतात तसे."

"फुडे."

"तोकिहानात्सु. गाठ सोडून मोकळे करणे. प्राणी, कैदी वगैरे."

"फुडे."

"तेबानासु. हातातून सोडणे. जिवापाड जपलेली गोष्ट, किंवा पोटचं मूल, आपणहून दूर जाऊ देणे."

सोसायटीच्या भिंतीवर पार्कातले एक माकड येऊन बसले होते, त्याच्याकडे धोंडू बघत राहिले.

"आकेहानासु," मी शेवटचे वाचले. "दार किंवा खिडकी उघडून तशीच सोडणे. हे फक्त दाराखिडकीलाच चालतं, असं तिने खाली लिहिलंय."

"माणसाक नाय चालत?"

"नाही दिसत."

"बरां. टाका माळ्यार."

मी ती टाकली, हे मी कबूल करतो. मी शेजारी आहे, न्यायाधीश नाही. अपूर्वाला कार्डे सापडली नाहीत तेव्हा तिने घर उलटेपालटे केले नाही की रडली नाही. तिने नवीन सहा लिहिली. तिला वीस मिनिटे लागली. धोंडूंनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा चौकशीत पकडल्या गेलेल्या माणसासारखा होता.

ती पास झाली. आणि मग खरा प्रश्न आला.

जपानात बर्फ पडणाऱ्या कुठल्याशा गावातल्या एका वृद्धाश्रमाने तिला निवडले, पण एका अटीवर. त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी व्हिडिओवर बोलायचे होते आणि त्याची संमती हवी होती. आधी दोन मुली मध्येच परत गेल्या होत्या. अशी मध्येच सोडून गेलेली मुलगी पुन्हा कुणी घेत नाही, तिचे तिकडचे दार बंद होते. म्हणजे अपूर्वाचे सगळे आता धोंडू घाडींच्या एका होकारावर होते, आणि तो होकार खरा असण्यावर.

प्रेमा आमच्याकडे आली. "भाऊजी, लॅपटॉप तुमचा घ्यावा लागेल. आणि तुम्ही बाजूला बसा. बाबा तुमचं ऐकतात."

"माझं कुणीच ऐकत नाही," मी म्हणालो.

"बसा तरी," क्षमा म्हणाली.

आदल्या संध्याकाळी मी धोंडूंना बाकावर गाठले. "काय ठरवलंत?"

"सही करतंय."

"खरंच?"

"सहीक काय हा? चेडवाच्या मनासारख्या होव दे. जाव दे तिका. सहा म्हयन्यांनी फोन करतलंय, आजो शिरियस आसा. धावत येतली."

"आणि येऊन बघेल तर तुम्ही इथे बाकावर."

"तोपर्यंत बरो झालेलो आसतलंय."

"अहो, मग तिला परत नाही घेणार कुणी."

"कित्याक घेवक व्हया? हंय काय हॉस्पिटलां नाय?" ते थोडे थांबले. "शामराव, माझो झील नितेश गेलो तेव्हा मी ड्युटीवर होतंय. लिफ्टीत. बावीस वर्षां लोकांका सोडलंय मी, पाचव्यार, सातव्यार, बाराव्यार. कोणाक इचारलंय नाय परत कधी येतलास म्हणान. आता माका इचारूचा आसा."

हे मी घरी येऊन क्षमालाही सांगितले नाही. याला सभ्यपणा म्हणता येईल, पण खरे कारण असे की तिने मला लगेच शेजारी पाठवले असते.

रविवारी साडेनऊला घाडींच्या बाहेरच्या खोलीत लॅपटॉप टेबलावर ठेवला. खाली नितेशच्या जुन्या अभ्यासाची दोन पुस्तके दिली, म्हणजे धोंडूंची हनुवटी दिसेल. अपूर्वा पांढऱ्या शर्टात, पाठ ताठ. प्रेमा दाराशी उभी, पदराला हात पुसत, हात कोरडेच होते. मी आणि क्षमा पलंगावर, कॅमेऱ्याच्या बाहेर.

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात आश्रम चालवणाऱ्या होरिउची बाई, पासष्टीच्या, बारीक केस कापलेल्या. दुसऱ्यात दुभाषी मधुवंती, पुण्याहून. मधुवंतीचे मराठी इस्त्री केलेले होते.

"आजोबा, नमस्कार. होरिउचीसान विचारत आहेत की अपूर्वाच्या जपानला जाण्याला कुटुंबाची संमती आहे का?"

"हा हा. संमती आसा," धोंडू म्हणाले. "सही खंय करूची?"

इतक्या लवकर आलेला होकार बाईंना आवडला नसावा. त्या बराच वेळ बोलल्या. मधुवंतीने सांगितले, "त्या म्हणतायत, याआधी दोन मुलींच्या घरच्यांनीही लगेच सही केली होती. मग एकीची आजी अत्यवस्थ झाली आणि दुसरीचे काका. दोघी तातडीने परत गेल्या. आता आजी आणि काका दोघेही ठणठणीत आहेत असं त्यांना कळलं आहे. त्याबद्दल त्यांना मनापासून आनंद आहे."

मी भिंतीकडे बघितले. धोंडूंनी टोपी काढून परत घातली.

बाई पुढे बोलल्या. "त्यांच्याकडे एक्याण्णव वर्षांचे एक गृहस्थ आहेत. पहिली मुलगी त्यांना रोज भरवायची. ती गेल्यावर ते नऊ दिवस दुसऱ्या कुणाच्या हातून जेवले नाहीत. तिच्यावर राग नव्हता. ते म्हणायचे, जेवणाची वेळ अजून झालेली नाही."

"त्येका कोण नाय?" धोंडूंनी विचारले.

"मुलगा आहे. तोक्योला. वर्षातून एकदा येतो."

धोंडू पुढे वाकले, इतके की पडद्यावर फक्त कपाळ आणि टोपी उरली. आणि त्यांनी मधुवंतीला न विचारता थेट बाईंना विचारले, "मिहानासु?"

अपूर्वाने मान वळवून आजोबांकडे पाहिले. चौदा महिने कार्ड धरणारा माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच दिसत होता.

होरिउची बाईंनी नकारार्थी मान हलवली. "तेबानासु," त्या म्हणाल्या, आणि हाताची मूठ करून ती हळूच उघडली.

"मुलानं वडिलांना टाकलं नाही, असं त्या सांगतायत," मधुवंती म्हणाली. "वडिलांनीच मुलाला जाऊ दिलं. एकुलता होता, भातशेती होती. यांनी शेत दुसऱ्याला दिलं आणि त्याला शिकायला पाठवलं. तो येतो तेव्हा हेच त्याला दोन दिवसांत परत पाठवतात, तुझं काम खोळंबेल म्हणून."

"कधीच बोलावल्यान नाय त्येका?"

"नाही."

"एकदाय? म्हातारो आजारी पडलो तेव्हा?"

मधुवंतीने विचारले. बाईंनी उत्तर दिले. "दोनदा ऑपरेशन झालं. दोन्ही वेळा मुलाला नंतर कळवलं."

धोंडू उठले. आम्हाला वाटले, संपले, आता आत जाऊन दार लावतात. ते मोरीत गेले. पाय धुतल्याचा आवाज आला. ओले पाय घेऊन ते बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. प्रेमाने काही न विचारता नारळ आणून हातात दिला. तिला कळले होते. मला कळायला एक क्षण जास्त लागला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," धोंडूंचा आवाज लिफ्टच्या बाराव्या मजल्यापर्यंत जाणारा आहे, "आज ह्या घरातला चेडू, माझ्या नितेशाचा अपूर्वा, दर्याच्या पलीकडे चलला हा."

"व्हय म्हाराजा," प्रेमा म्हणाली. क्षमा म्हणाली. मीही म्हणालो.

"तिच्या वाटेत काय वायटवकटा आसात ता दूर कर. तिच्या हाताक यश दी. त्या म्हाताऱ्याक तिच्या हातचा जेवान गोड लागान दी."

"व्हय म्हाराजा."

मी लॅपटॉपजवळ सरकलो. पडद्यावरून मधुवंतीने दबक्या आवाजात विचारले, "काका, चेडू म्हणजे?"

"मुलगी," मी म्हणालो.

"आणि वायटवकटा?"

"ते राहू दे. चांगलं नाही एवढं सांगा."

असे आमचे दुहेरी भाषांतर सुरू झाले. धोंडू मालवणीत देवाला, मी मराठीत मधुवंतीला, मधुवंती जपानीत बाईंना. बाईंनी हात जोडले होते. कुणी सांगितले नव्हते.

"आनि म्हाराजा," धोंडूंचा आवाज इथे खाली आला, "ह्या घरातसून कोणी तिका खोटो फोन करून परत बोलावचो इचार केल्यान आसात, तर तो इचार आज तुझ्या पायाकडे ठेवलंय. परत उचलूचो नाय. मी आजारी पडलंय तर तिका नंतर सांगा. मेलंय तर रजा गावली तरच येव दे."

"व्हय म्हाराजा" म्हणायची पाळी होती. प्रेमाचे ओठ हलले, आवाज आला नाही. शेवटी मीच म्हणालो, जरा मोठ्यानेच, कारण त्या विचाराची खबर असूनही गप्प बसलेला माणूस मीच होतो.

"काका," मधुवंतीचा आवाज आता इस्त्रीचा राहिला नव्हता, "वारले तर रजा मिळाली तरच, असं म्हणाले ना?"

"हो."

"हे तसंच सांगू?"

"तसंच सांगा."

"ह्यां दार उघडां आसतलां," धोंडूंनी शेवट केला. "येतली तेव्हा तिच्या मनान येव दे. व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

हे वाक्य जपानीत जाताना मधुवंतीने कोणता शब्द वापरला ते मला ओळखता आले. सहावा होता. फक्त दाराखिडकीला चालणारा.

होरिउची बाई उठून उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या, त्यामुळे आम्हाला बराच वेळ त्यांचे कॅलेंडर दिसत राहिले. मग त्या बसल्या, डोळे टिपले आणि काहीतरी म्हणाल्या.

"फॉर्मवर सही मात्र लागेल," मधुवंती म्हणाली.

सही धोंडूंनी केली. दोन मिनिटांचे काम. नारळ फुटला, त्यातले एक भकल, म्हणजे अर्धा नारळ, आमच्या वाट्याला आले.

संध्याकाळी अपूर्वा आमच्याकडे आली, हातात खोबऱ्याच्या वड्या. "काका, ती जुनी कार्डं तुमच्याकडे आहेत ना?"

मी क्षमाकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघता," क्षमा म्हणाली. "चढा."

मी चढलो, आणि कार्डे सापडली. आमच्या माळ्यावरून काहीतरी परत मिळण्याची ही पहिलीच वेळ. अपूर्वाने ती नीट लावली, रबरबँड बदलला आणि म्हणाली, "ही आजोबांकडेच ठेवते. त्यांना लागतात."

फेब्रुवारीत ती निघाली. दुपारी तीनला टॅक्सी गेटपाशी आली. सोसायटीतली निम्मी माणसे खाली होती. जयंतीभाईंनी थेपल्यांचे पाकीट दिले, सामानाचे वजन वाढेल म्हणून तिने ते पर्समध्ये घातले. प्रेमाने तिच्या कपाळाला कुंकू लावले, पुसले, सरळ करून पुन्हा लावले. प्रेमा विमानतळापर्यंत जाणार होती, म्हणून ती आधीच गाडीत बसून रडून घेत होती.

धोंडू थोडे लांब उभे होते, स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी. अपूर्वा वाकली, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि उचलला. हात उचलायला जितका वेळ लागायला हवा त्यापेक्षा थोडा जास्त लागला, एवढेच.

"आजोबा, रडू नका हां."

"कोण रडता? जा. गाडी थांबली हा."

ती बसली. दार लागले. टॅक्सी गेटातून बाहेर पडली आणि वळणावर पोचली, तेवढ्यात धोंडू धावले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चप्पल सुटेपर्यंत धावला, हात वर करून. टॅक्सी कचकन थांबली. आम्ही सगळे मागोमाग. क्षमाने माझा दंड धरला. गाडीत प्रेमाने तोंडावर पदर घेतला. मला वाटले, गाऱ्हाणे मोडले.

अपूर्वाने काच खाली केली. तिचे डोळे भरले होते. "काय आजोबा?"

धोंडूंनी दोन्ही हात खिडकीवर ठेवले आणि श्वास घेतला.

"बाय, येताना एक नेलकटर घेवन ये. थंयचे बरे आसतत म्हणतत."